ठराव, मठ्ठा आणि चेंज रिपोर्ट

जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनाचा कुठलाही अहवाल उचला, त्यात तीच वाक्यं सापडतील. ‘दीपप्रज्वलनाने सुरुवात झाली’, ‘मान्यवरांनी समयोचित विचार मांडले’, ‘ठराव सर्वानुमते संमत झाले’, ‘पसायदानाने सांगता झाली’. ही वाक्यं बरीच वर्षं मीच लिहीत आलो, त्यामुळे त्यांच्या मागं काय काय दडपलेलं असतं ते मला ठाऊक आहे. यंदा कार्यकारिणी बदलली. मी कार्यवाहपद सोडताना नव्या मंडळींनी माझ्याकडून ‘कार्यसिद्धीचा आढावा’ मागून घेतला. चार पानी आढावा दिला, टाइप करून, सही-शिक्क्यानिशी. त्यात जे बसण्यासारखं नव्हतं ते इथं सांगतो. जिल्ह्याचं नाव घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि बाकीच्यांना हा आपलाच जिल्हा वाटेल.

बाहेरच्या वाचकासाठी आधी थोडं सांगायला हवं. आपल्याकडचं गावचं वाचनालय सरकारी नसतं. मद्रासनं 1948 मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा केला, तेव्हा त्यात ग्रंथालयांसाठी उपकर ठेवला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, अंमल 1 मे 1968 पासून, आणि त्यात उपकर नाही. गावकऱ्यांनी संस्था काढायची, धर्मादाय कार्यालयात नोंदवायची, वाचनालय चालवायचं. सरकार मान्यता देणार, अ-ब-क-ड असा वर्ग ठरवणार आणि परिरक्षण अनुदान देणार. त्यामुळे ग्रंथपाल नोकर संस्थेचा, पण त्याचा पगार निघतो सरकारी अनुदानातून. वेतनश्रेणी मागायला गेलं की सरकार संस्थेकडं बोट दाखवतं आणि संस्था सरकारकडं. जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवरच्या ग्रंथालय संघांना या कायद्यानंच जागा दिली आहे, ती साधारण या दोन बोटांच्या मधली.

आता किस्से.

अधिवेशनाच्या व्यासपीठावर सरस्वतीशेजारी डॉ. एस. आर. रंगनाथन यांची प्रतिमा हवीच. एके वर्षी फ्लेक्सवाल्यानं रंगनाथन यांच्या जागी चक्क श्रीनिवास रामानुजन छापले. खाली बिरुद मात्र बिनचूक: ‘भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक’. उद्घाटकांनी हार घातला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सभागृहात चारशे ग्रंथालयवाले, एकाच्याही लक्षात आलं नाही. आलं ते एका निवृत्त गणित शिक्षकाच्या. ते वाकून माझ्या कानात म्हणाले, “कार्यवाह, हे तर 1729 वाले!”

उद्घाटन चालू असताना फ्लेक्स काढणार कसा? चहाच्या सुट्टीत आमच्या शिपाईमामांनी झेंडूचा हार असा काही वर सरकवला की नाकापासून वर फुलंच फुलं. परिसंवादाला आलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांना तरी ते कळलंच. पण माणूस रसिक. भाषणात त्यांनी फोटोचा उल्लेख टाळला आणि सहज म्हणून सांगितलं की रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि पुढं 1967 मध्ये त्यांनी रामानुजनवर इंग्रजीत एक पुस्तकही लिहिलं. एवढं बोलून त्यांनी हाराकडं पाहिलं. मला हसू आवरेना. त्या वर्षीच्या छापील अहवालात तो हारातला फोटो पहिल्याच पानावर आहे, आणि अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

राज्य पातळीच्या अधिवेशनात गेलं की चहाच्या टेबलावर वेगळाच फड रंगतो. कुणाचं वाचनालय जुनं? पुण्याचा माणूस नगर वाचन मंदिराचं 1848 साल टाकतो. कोल्हापूरकर करवीर नगर वाचन मंदिर काढतात, पण ते 1850 चं, म्हणजे दोन वर्षांनी हरले. नाशिककर 1840 म्हणतात तेव्हा नगरकर शांतपणे 1838 सांगतात. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत रत्नागिरीकर बशीत चहा ओतून पीत असतात. मग बशी खाली ठेवून फक्त आकडा उच्चारतात: 1828. एकदा या खेळात बडोद्याहून आलेल्या मराठी पाहुण्यांनी नवाच डाव टाकला. “जुनं कोणाचं ते सोडा, चळवळ कोणाची ते बोला,” म्हणाले. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून संस्थानभर वाचनालयं उभी केली आणि 1919 मध्ये मद्रासला सार्वजनिक ग्रंथालयांची अखिल भारतीय परिषद भरली तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी बडोद्याचे कुडाळकर होते, हे त्यांनी एका दमात सांगितलं. रत्नागिरीकरांनी दुसरा चहा मागवला.

हे झालं गमतीचं. अधिवेशनाचं खरं राजकारण असतं वेळापत्रकात. आमच्याकडं पूर्वी सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, मग सत्कार, मग आणखी सत्कार, जेवण, परिसंवाद, आणि सगळ्यांत शेवटी खुलं अधिवेशन व ठराव. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पाहुणे दीड तास उशिरा येणार, सत्कारांची यादी आदल्या रात्री वाढणार आणि जेवण अडीचला. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा झाल्यावर लांबच्या तालुक्यातली माणसं मुक्कामी एसटीच्या हिशेबानं उठायला लागत. ठराव वाचायला उभं राहावं तर समोर यजमान गावचे चार लोक, मंडपवाला आणि खुर्च्या मोजणारा त्याचा पोरगा. ‘सर्वानुमते संमत’ हे अगदी खरं असायचं, कारण मतं असायचीच तेवढी.

यावर काहींनी उपाय काढला की उपस्थितीचं प्रमाणपत्र ठरावांनंतर द्यायचं. लोक थांबले, पण कसे थांबले विचारू नका. एका वर्षी प्रमाणपत्रांच्या टेबलाभोवती एवढी रेटारेटी झाली की टेबलच मोडलं. मग आम्ही तो नाद सोडला आणि अधिकाऱ्यांबरोबरची अनुदानाची प्रश्नोत्तरं थेट सकाळी, उद्घाटनाच्याही आधी घेतली. ज्याच्यासाठी माणूस शंभर किलोमीटर येतो ते आधी. उद्घाटकांना अर्थात राग आला. त्यांच्या भाषणाआधीच सभागृह तापलेलं होतं.

ते का तापलं होतं, ते अहवालात नाही.

2012 मध्ये महसूल खात्याकडून राज्यभरच्या वाचनालयांची पडताळणी झाली होती. कागदावर जिवंत, जागेवर कुलूप अशी प्रकरणं निघाली, आणि त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता व वर्गवाढ थांबली. चांगल्या वाचनालयांचीही झोप उडाली. त्या काळात संघानं एक काम केलं, ज्याचा फोटो कुठंही नाही. तालुक्या-तालुक्याला बसून दाखलनोंद वह्या, देवघेव रजिस्टरं, सभासद वर्गणीची पुस्तकं सरळ करून देणं. अण्णा, म्हणजे आमचे तेव्हाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, लाल पेन घेऊन बसायचे. गावचे संस्थाचालक त्यांच्यासमोर विद्यार्थ्यासारखे उभे. “पान 40 नंतर थेट 43? मधली दोन कुणी खाल्ली?” असं विचारायचे. पाचवीच्या वर्गाला घाबरवलेला तो आवाज आमदारांच्या मेव्हण्यालाही पुरला. ज्यांचं वाचनालय केवळ पाटीपुरतं होतं त्यांना अण्णांनी कधी मदत केली नाही, आणि त्याचे वैरी शेवटपर्यंत राहिले.

पडताळणी संपली तरी रजिस्टर तपासायची सवय लोकांना लागली. आणि ती अशी अंगाशी आली.

त्या सकाळच्या प्रश्नोत्तरांत मागून एक बाई उठल्या. ड वर्गाच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. संघानंच चालवलेला ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र वर्ग त्यांनी केला होता, म्हणून मी ओळखत होतो. वर्गात एकदा मराठी कादंबरीचा ड्युई वर्गांक 891.463 पाठ करून घेताना त्याच म्हणाल्या होत्या, “सर, आमच्या कपाटात ‘क’ म्हणजे कादंबरी. लोक त्यातनं बरोबर काढतात.” पहिल्या वर्गात पास झाल्या होत्या, हेही सांगतो.

बाईंनी पिशवीतून वही काढली. त्या वेळी ड वर्गाला वर्षाचं अनुदान होतं 30 हजार, आणि त्यातला निम्मा वाटा पगाराचा. त्या म्हणाल्या, “साहेब, निरीक्षणाला येता तेव्हा विचारता, वाचनालय वेळेवर उघडतं का. उघडतं. मी उघडते, मीच झाडते, मीच कुलूप लावते. पगार महिन्याला साडेबाराशे. त्याचं काही म्हणणं नाही. पण अनुदानाचे हप्ते येतात वर्षातून दोन. मग पगारपत्रकात माझी सही दर महिन्याच्या एक तारखेला कशी असते, एवढंच विचारायचंय.”

ज्यानं एकदा तरी वाचनालय चालवलं आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असतं. हप्ता आला की सहा महिन्यांच्या सह्या एका बैठकीत होतात. कधी पूर्ण पैसे देऊन, कधी थोडे ‘संस्थेच्या अडचणीसाठी’ मागं ठेवून. साहेबांना माहीत होतं, व्यासपीठावरच्या आम्हांला माहीत होतं, समोरच्या दोन रांगांतल्या अध्यक्ष-चिटणीसांना तर होतंच होतं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “प्रश्न लेखी द्या,” म्हणाले. बाई पुढं आल्या आणि कागद दिला. लिहून आणला होता. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. एक संस्थाचालक उठून म्हणाले, “ताई, हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे.” “मग टाळ्या कुणाच्या?” असं मागून कुणीतरी विचारलं आणि सभागृहात एकच गलका झाला.

अहवालात मी लिहिलं: ‘अनुदान वेळेवर मिळण्याबाबत उपयुक्त चर्चा झाली.’ तसंच लिहायची रीत आहे.

खरी लढाई रात्री विषय नियामक समितीत झाली. संघाचे सभासद म्हणजे ग्रंथालयं, आणि ग्रंथालयाच्या वतीनं मत देतो संस्थाचालक. कर्मचाऱ्यांची संघटना वेगळी. म्हणजे ज्यांच्याबद्दल ठराव करायचा त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांच्याच खिशाकडं ठराव जाणार. ठराव क्रमांक चार वर्षानुवर्षं एकच असायचा: शासनानं ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी. तो सगळ्यांना आवडायचा, कारण द्यायचं होतं शासनानं. मी त्याला एक ओळ जोडा म्हटलं: सभासद ग्रंथालयांनी ग्रंथपालाचा पगार त्याच्या बँक खात्यात जमा करावा. झालं! कुणाच्या गावात बँक नव्हती, कुणाचा शिपाई अंगठेबहाद्दर, कुणाला यात संस्थेच्या स्वायत्ततेवर घाला दिसला. मध्यरात्री आचाऱ्यानं दार ठोठावून “सकाळी पोहे किती जणांचे?” विचारलं तेव्हा आम्ही ‘अनिवार्यपणे’वरून ‘शक्यतो’वर आलो होतो. अण्णा डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, “शक्यतो तर शक्यतो. लिहा. एकदा कागदावर आलं की निरीक्षक विचारायला मोकळा.”

आणि झालंही तसंच. ठराव लवचीक होता, पण निरीक्षणाच्या वेळी पासबुक दाखवा असं म्हणायला कुणाला तरी आधार मिळाला. आज आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच वाचनालयांचा पगार खात्यावर जातो. माझ्या चार पानी आढाव्यात याला अर्धी ओळ आहे.

उलट दीड पान कशाला दिलंय, तर 60 टक्के अनुदानवाढीला. दहा वर्षं हललेला नव्हता तो आकडा नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळानं वाढवला. जिल्हा अ वर्गाचे 7 लाख 20 हजारांचे 11 लाख 52 हजार झाले, आणि ड वर्गाचे 30 हजारांचे 48 हजार. निर्णय आला त्या आठवड्यात राज्यात जेवढे संघ, संघटना आणि कृती समित्या असतील तेवढे अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. आमच्या एका तालुक्यात तर एकाच चौकात तीन, प्रत्येकावर वेगळा ‘शिल्पकार’. आम्हीही नागपूरच्या मोर्चात चाललो होतो, निवेदनं दिली होती, मुंबईत आझाद मैदानात बसलो होतो. पण त्यात आमचा वाटा भाजीतल्या मिठाएवढा, आणि भाजी पुष्कळांनी मिळून केलेली. नव्या कार्यकारिणीला मोठं यश हवं होतं, म्हणून दीड पान. गणित मात्र कुणी मांडत नाही, ते मांडतो: 48 हजारांचा निम्मा 24 हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. वाढ साडेसातशेची, दहा वर्षांनी.

राहता राहिला खांदेपालट. अण्णा खुर्ची सोडतील यावर कुणाचा विश्वास नव्हता, त्यांचाही नसावा. दोन पॅनेल तयार झाली होती. सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री मंगल कार्यालयाच्या ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत बैठक बसली. आरशाला टिकल्या चिकटलेल्या, कोपऱ्यात कुणाचा तरी विसरलेला अंतरपाट. अण्णांनी आढेवेढे न घेता सांगितलं की उभा राहणार नाही, पण ‘मार्गदर्शक’ असं पद हवं. संघाच्या घटनेत असं पद नव्हतं. घटना दुरुस्त करायची तर त्याची रीतसर नोटीस, सभा, पुढं धर्मादाय कार्यालय. वकील असलेल्या नव्या उमेदवारानं हे सगळं अदबीनं समजावलं. अण्णा म्हणाले, “अरे, तू माझ्या शाळेत होतास तेव्हा तुला इतके नियम माहीत नव्हते.” शेवटी ‘कायम निमंत्रित’वर तडजोड झाली. घटनेत तेही नाही, पण निमंत्रण द्यायला घटना कशाला लागते?

त्यानंतर एक गाठ राहिली. त्या ड वर्गाच्या ताईंना त्यांच्या संस्थेनं संघासाठी आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं, आणि त्यांनी कार्यकारिणीसाठी अर्ज भरला होता. खोलीत आरडाओरडा. नोकर प्रतिनिधी कसा? उद्या शिपाई अध्यक्ष होईल! मी घटनेतलं कलम वाचून दाखवलं: सभासद ग्रंथालयानं ठरावानं नेमलेली व्यक्ती. नोकर नसावा असं कुठंही लिहिलेलं नाही. वकील महाशय नव्यानं राजकारणात आल्यासारखे दोन्हीकडं मान हलवत होते. तेवढ्यात अण्णाच म्हणाले, “बाईला येऊ द्या. पगारपत्रक तिनं भर सभेत उघडलं, आता परत कुणाचं उघडायचं राहिलंय?” हसताहसता विषय संपला. सभेत निवड बिनविरोध झाली, आणि इतिवृत्तात ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ असं मी लिहिलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

दप्तर हस्तांतर झालं. इतिवृत्ताच्या वह्या, दोन शिक्के, पालखीचा पितळी कळस, स्मरणिकेच्या न खपलेल्या प्रती, आणि जाहिरातींची अशी पावतीपुस्तकं की ज्यांतले निम्मे पैसे अजून यायचेत. एका सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात तीन स्मरणिकांत फुकट गेली आहे. नवे खजिनदार पहिल्याच आठवड्यात त्या सराफाच्या दुकानाची पायरी चढले आणि पैसे न घेता दिनदर्शिका घेऊन परत आले.

ताईंनी मात्र आल्या आल्या वार्षिक अहवाल भरण्याच्या शिबिराची तारीख लावून टाकली. सूचनापत्रात एक वाक्य नवं आहे: ‘येताना ग्रंथपालाने स्वतःचे बँक पासबुक आणावे.’ त्यावर अध्यक्षांना तीन संस्थाचालकांचे फोन आले. अध्यक्षांनी ते फोन अण्णांकडं वळवले. अण्णांनी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पैशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो दाखल झाला आहे. मंजूर व्हायचा आहे, आणि तारखा पडत आहेत. मंजुरीचा आदेश दाखवल्याशिवाय बँक नव्या सह्या घ्यायला तयार नाही. त्यामुळे शिबिराच्या चहा-नाश्त्याच्या चेकवर सही अजून अण्णांचीच लागते, आणि अण्णा प्रत्येक वेळी बिल नीट वाचून विचारतात, “वडे इतके? माणसं किती होती?”